आमच्या घरचा उजव्या सोंडेचा गणपती

आमच्या घरचा गणपती डाव्या सोंडेचा. दर वर्षी अण्णा कुंभाराकडून मूर्ती पारखून आणायचे आणि उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकताना आई आधी सोंड बघून घ्यायची. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचं सोवळं सांभाळणं हे भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांचं काम नव्हे, असं तिचं मत होतं. तोच गणपती एका रविवारी दुपारी घटकाभर उजव्या सोंडेचा झाला आणि तेवढ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, मालूचं, म्हणजे आमच्या अक्काचं, ठरत आलेलं लग्न मोडलं. दोष कुणाचा यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. मी आपली यंत्राला दोष देऊन मोकळी होते. ते आता माझ्या माळ्यावर पडून आहे आणि उलटून बोलत नाही.

यंत्र म्हणजे स्लाईड प्रोजेक्टर. अण्णा हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. ज्वालामुखी, हिमनदी, त्रिभुज प्रदेश हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं खडूनं फळ्यावर काढलं होतं आणि तिन्ही आकृत्या पोरांना सारख्याच दिसतात ही त्यांची तक्रार होती. कुठल्याशा साप्ताहिकात त्यांनी जाहिरात वाचली, की सामान्य कुटुंबास परवडणारा घरगुती प्रोजेक्टर मिळेल. आमचं कुटुंब सामान्य आहे याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, तेव्हा पार्सल मागवलं गेलं. लाकडी खोक्यात गवतात गुंडाळलेला करड्या रंगाचा पत्र्याचा डबा आला. पुढं भिंगाची नळी, मागं दिवा आणि मधोमध आडवी सरकपट्टी. पट्टीला दोन घरं. एका घरात स्लाईड घालून पट्टी ढकलली की ती दिव्यासमोर जायची आणि दुसरं घर बाहेर यायचं. स्लाईड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा रंगीत तुकडा, काडेपेटीएवढा. तो डोकं खाली करून घालायचा, म्हणजे पडद्यावर सरळ दिसतो. शिवाय डावं-उजवं सांभाळायचं. ते चुकलं की सगळं आरशातल्यासारखं दिसतं, हुबेहूब तेच, पण बाजू बदललेली. म्हणून अण्णांनी प्रत्येक चौकटीच्या एका कोपऱ्यावर लाल शाईचा ठिपका दिला होता. घालताना ठिपका उजव्या अंगठ्याखाली आला की स्लाईड बरोबर. आई त्या ठिपक्याला कुंकू म्हणायची आणि स्लाईडला काच, त्यात काच कुठंही नसताना.

यंत्र परवडणारं का होतं ते हळूहळू कळत गेलं. त्यात पंखा नव्हता, त्यामुळं थोड्या थोड्या वेळानं ते बंद करून निवू द्यावं लागे, नाहीतर पुठ्ठा करपायचा वास यायचा. बल्ब गेला की तो मुंबईहून यायचा, आणि तो येईपर्यंत अण्णांचा चेहरा सुतक असल्यासारखा असायचा. भिंगाची आणखी एक तऱ्हा होती. मधलं तेवढं स्पष्ट आणि कडेचं सगळं धुकं. पुढं अण्णांनी घरातल्या कार्यांचे फोटो काढले, त्यांत जे कडेला होते ते पडद्यावर धुक्यात गेले. माझी आत्या, अण्णांची धाकटी बहीण, गारगोटीला दिलेली, ती नेमकी दर वेळी कडेला. आपल्याला मुद्दाम पुसट केलंय असं तिनं मनात घेतलं आणि पुढच्या प्रत्येक समारंभात ती नवऱ्या मुलाला कोपरानं सारून मध्ये उभी राहू लागली. आजही आमच्या नात्यातल्या जुन्या फोटोंत आत्या मधोमध आणि नवरा-नवरी कडेला अशी मांडणी सापडते.

पडदा म्हणजे अण्णांचं जुनं धोतर. ते बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारात खिळ्यांना अडकवायचं, कारण भिंतींवर एक हातभर जागा कॅलेंडरं आणि देवांच्या तसबिरींनी सोडली नव्हती. बाहेरच्या खोलीत आम्ही आणि शेजारपाजार दाटीनं बसायचो. आई आतच असायची. खेळ असो नाहीतर खुद्द देव येवो, संध्याकाळच्या भाकरी व्हायलाच पाहिजेत. धोतर विरलेलं होतं, त्यामुळं चित्र पलीकडूनही दिसायचं. चुलीपुढं बसून, तव्यावरची भाकरी उलटता उलटता, आई आतूनच सगळं बघायची. मधेच तिचा आवाज यायचा, "हे कुठलं हो पाणी?" अण्णा बाहेरून सांगायचे, "नायगारा." आत भाकरीची थाप पडायची आणि ती म्हणायची, "वाया चाललंय की सगळं." आमच्या कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना मी जातो, मी करतो म्हणतात. आई तशीच बोलायची. "मी आतनंच बघतो, मला तिथनं सगळं बरूबर दिसतंय," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. पुढं जे घडलं त्याचं मूळ तिच्या या आतून बघण्यात आहे. भाजलेल्या भाकरीचा, तापलेल्या पत्र्याचा आणि दाटीतल्या माणसांचा मिळून जो वास व्हायचा, तो मला अजून कधी कधी विनाकारण आठवतो.

यंत्राबरोबर ज्वालामुखी आणि धबधबे फुकट आले होते. ते सगळ्यांचे पाठ झाल्यावर अण्णांनी एक जुना कॅमेरा मिळवला आणि आमचेच फोटो काढायला लागले. फिल्म महाग, धुवायला मुंबईला जायची, आणि स्लाईडी होऊन परत येईपर्यंत काय काढलं होतं ते सगळे विसरून गेलेले असायचे. त्यांचा नियम एकच. फोटोसाठी कुणाला उभं करायचं नाही. उभं केलं की माणूस खोटा होतो, असं ते म्हणायचे. ते न सांगता, न खाकरता, दाराआडून काढायचे. त्यामुळं आमच्या स्लाईडींत आत्या सोडली तर कुणीच समोर बघत नाही. कुणी केस विंचरतंय, कुणी भांडतंय, मी तर बऱ्याच ठिकाणी तोंडात काहीतरी कोंबताना आहे. आणि अक्का सगळीकडं डाव्या हातानं काम करताना आहे.

अक्का जन्माची डावरी. आईला हे लहानपणीच कळलं आणि तिनं ते मनाला लावून घेतलं. डाव्या हातानं वाढलेलं कोण खाईल, डाव्या हातानं दिलेलं वाण कोण घेईल, सासरचे पहिल्या पंगतीला उठवून लावतील, असं तिचं रोजचं पारायण होतं. जेवताना ती अक्काचा डावा हात जुन्या लुगड्याच्या काठानं कमरेशी बांधायची. ते काही रागानं नव्हे. बांधताना ती तिच्या केसांवरून हातही फिरवायची. अक्का शिकली. लोकांसमोर उजव्या हातानं लिहायची, जेवायची, हळदीकुंकू लावायची. सगळं जरा सावकाश, जरा जपून, परक्याच्या घरात वावरावं तसं. त्यामुळं ती शांत आणि सालस आहे असा तिचा गावभर लौकिक झाला. एकटी असली की तिचा डावा हात असा सुटायचा की बघत राहावं. अण्णांनी दाराआडून नेमकं तेच टिपलं होतं. त्यांना हे कधी जाणवलं होतं का, कोण जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी उजेड बघतो, हात नाही बघत."

परवा माझ्या नातीनं मोबाईलवर आमच्या दोघींचा फोटो काढला. बघते तर माझा पदर उजव्या खांद्यावर आणि घड्याळ भलत्याच हातात. मी म्हटलं, अगं, हे उलटं आलंय. ती म्हणाली, "आजी, सेल्फी अशीच येते, कोण बघतंय?" खरंच आता कुणी बघत नाही. तेव्हा बघत होते.

स्थळ गारगोटीचं होतं, आत्यानंच आणलेलं. मुलगा शाळेत शिक्षक, थोडी शेती, घरात आई आणि शेजारीच मामा. पत्रिका जुळली होती, मुलानं अक्काला आत्याच्या घरी ओझरतं बघितलंही होतं. आता फक्त रीतसर बघणं आणि सुपारी बाकी होती. हे जमलं असतं तर आईच्या डोक्यावरचा मोठा भार उतरणार होता, आणि माझाही, कारण अक्काच्या पाठीवर माझा नंबर होता. आत्यानं तिकडं आमची तारीफ करताना यंत्राचीही केली होती. त्यामुळं मामांचा निरोप आला, की पोरगी बघतोच, पण ती धोतरावरची चित्रंबी दावा म्हणावं मास्तरांना.

अण्णा हरखले. आदल्या दिवशी संध्याकाळी स्लाईडी निवडायला बसले, आणि यंत्र घरात आल्यापासून पहिल्यांदाच आई चूल सोडून बाहेरच्या खोलीत येऊन धोतरासमोर बसली. पहिली स्लाईड लागली. अक्का दारात रांगोळी काढतेय. आई पुढं झुकली. "हिनं डावा हात कवा घातला?" दुसरी लागली, अक्का गणपतीला दुर्वा वाहतेय. "हितंबी डावाच. अवं, मी आतनं बघतो तवा उजवा असतोय की."

अण्णांनी तिला समजावून सांगितलं. वर्गात ग्रहण समजावायचे त्याच आनंदानं. "तू पडद्याच्या मागून बघतेस. मागून सगळं उलट दिसणार."

"म्हंजे यंत्र आल्यापास्नं मी उलटं बघतोय?"

"होय."

आई उठून धोतराच्या मागं जाऊन बघून आली. मग म्हणाली, "तर मग पावण्यांना सैपाकघरात बसवू."

अण्णा हसायला लागले आणि मास्तरकीच्या सवयीनं बोलून गेले, "त्यासाठी माणसं कशाला हलवायची, स्लाईड फिरवून घातली की झालं." बोलले आणि थांबले. पण मागच्या बाकावरच्या पोराला धडा समजला हे वर्गात चेहऱ्यावरून कळावं, तसं आईकडं बघून त्यांना कळलं, की धडा पोचला.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"खोटं कसं? पोरगी तीच, लुगडं तेच, हातबी तिचाच. नुसतं हिकडचं तिकडं."

"मग त्या स्लाईडी नकोतच. ज्वालामुखी दाखवू."

"ते ज्वालामुखी बघाय येत्यात का पोरगी बघाय?" आईनं विचारलं, आणि याला भूगोलात उत्तर नव्हतं. अक्का भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. ती खडे वेचत राहिली. मला वाटलं, तिला हे पटलंय. इतकी वर्षं जी हाताबद्दलचं सगळं ऐकत आली ती हेही ऐकेल, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. ज्या ज्या स्लाईडीत अक्काचा हात दिसत होता तेवढ्या आईनं वेगळ्या काढल्या. कुंकू डावीकडं ठेवून घालायचं, हे तिनं अण्णांकडून दोनदा वदवून घेतलं. तिचं सगळं लक्ष हातांवर होतं. देवाकडं बघायचं राहून गेलं.

रविवारी दुपारी पाहुणे आले. अंधारासाठी खिडक्यांना शेजारच्या मुल्लाणी वहिनींच्या वाकळी, म्हणजे जाड गोधड्या, लावल्या होत्या. वाकळी दिल्या म्हणून वहिनी बसल्याही होत्या, मुलाच्या आईशेजारीच. मुलाची आई उंच, आवाज खणखणीत, बोलणं रोखठोक. मामा पान खाणारे. मुलगा बुजरा, हातातला रुमाल सारखा घडी करणारा. अक्का धोतर बाजूला सारून पोह्यांच्या बशा घेऊन आली, पडद्यातून बाहेर पडल्यासारखी. उजव्या हातानं एकेक बशी दिली, सावकाश, जपून. "पोरगी सालस हाय," मामा म्हणाले. आईनं माझ्याकडं बघितलं. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

धबधबे झाले आणि रांगोळीची स्लाईड लागली. अक्का झकास उजव्या हातानं रांगोळी काढत होती. मुलाची आई म्हणाली, "पदर उजव्या खांद्यावर कसा?" आई म्हणाली, "घाईत घेतला असंल." पुढची स्लाईड दुर्वांची. मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली आणि बसल्या जागी हात जोडले.

"उजव्या सोंडेचा हाय व्हय तुमच्यात?"

आईनं धोतराकडं बघितलं. सोंड उजवीकडं वळलेली होती आणि आता तिला परत वळवायचा काही उपाय नव्हता. "व्हय," ती म्हणाली. "आज्या-पणज्यापास्नं."

"मग सोवळं लई असंल."

"लई कडक." दर वर्षी त्याच गणपतीपुढं आमच्याबरोबर मोदक खाणाऱ्या मुल्लाणी वहिनींनी आईकडं एकदा नीट बघून घेतलं आणि पोह्यांत लिंबू पिळलं.

तिसरी स्लाईड एस्टी स्टँडवरची. अक्का खिडकीतून आत्याला डबा देत होती. मामांनी मान तिरकी केली. "मास्तर, कोल्हापुरात एस्टीचं दार उजव्या अंगाला कवापास्नं झालं? आणि पाटीवर कानडी लिवलंय का काय?" अण्णांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी यंत्र तापलंय असं सांगून बटण बंद केलं, जे निदान अर्धं खरं होतं. मी एका वाकळीचा कोपरा वर केला. उजेडात अण्णांच्या मानेवर घाम दिसला.

यंत्र निवेपर्यंत मुलाची आई मोकळेपणानं बोलू लागली. "आमच्यात बुधवार-रविवार मटान असतंय. कडक देवाच्या घरातली पोरगी, तिला जमंल न्हवं?" आई गडबडीनं म्हणाली, "न जमायला काय? आम्हीबी खातो की." "कडक देव असून?" "देवाला विचारून खातो." मुल्लाणी वहिनींना ठसका लागला. मला आजही हा प्रसंग सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी हातातला वाकळीचा कोपरा सोडायचंही विसरले होते. एका हाताचं लपवताना आई आता देव, बकरं आणि एस्टी महामंडळ अशा सगळ्यांचं लपवत होती, आणि दर वाक्याला तिचा आवाज वाढत होता.

यंत्र पुन्हा लागलं. शेवटची स्लाईड आईची लाडकी होती. चुलत भावाच्या लग्नातली पंगत आणि अक्का आमटी वाढतेय. वाढणारी सून दाखवायची म्हणून ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. अण्णांनी ती घेतली, आणि घाबरलेला माणूस सवयीचं करतो तसं त्यांचा अंगठा आपोआप लाल ठिपक्यावर गेला. स्लाईड बरोबर बसली. धोतरावर अक्का वाकली होती, पदर खोचलेला, चेहऱ्यावर हसू, आणि डाव्या हातातल्या पळीतून आमटीची धार पानात पडत होती. एक थेंब बाहेर नव्हता.

"अवं, उलटी घातलासा," आई ओरडली.

अण्णांनी पट्टी ओढली, स्लाईड फिरवली, परत ढकलली. आता पळी उजव्या हातात होती. मामांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "यातला पोरीचा खरा हात कुठला?"

आई काहीतरी सांगायला पुढं झाली. त्याआधी अक्का उठली. ती यंत्रापाशी आली तेव्हा तिची मोठी काळी सावली त्या हसऱ्या चित्रावर पडली. तिनं डाव्या हातानं पट्टी ओढली, डाव्या हातानं स्लाईड सरळ केली आणि आत सारली.

"मामा, पयला हात खरा," ती म्हणाली. "मी डावरी हाय. ही सगळी उलटी घातली हुती. आता सुलटी दावतो, बघून घ्या. मला जन्मभर उलटं ऱ्हायचं न्हाय."

तिनं पंगत दाखवली, एस्टी दाखवली, दुर्वा, रांगोळी, सगळं पुन्हा एकदा. हात भराभर चालत होता. अण्णांना लागायचा त्याच्या निम्मा वेळही तिला लागला नाही. पदर आपल्या खांद्यावर आला, एस्टीचं दार आपल्या जागी गेलं, पाटीवर कोल्हापूर हे नाव वाचता आलं. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की हे स्थळ आता गेलं.

गेलंच. पण ज्या कारणासाठी आम्ही घाबरलो होतो त्यासाठी गेलं नाही. गणपतीची सोंड डावीकडं आली तेव्हा मुलाची आई उठून उभी राहिली. "डावरी हाय तर हाय, त्यात काय झालं? माझी सासू डावरी हुती. तिच्या हातचं खाऊनच मी नांदलो. पोरगीबी गुणाची हाय, खरं बोलली." मग ती आईकडं वळली. "पर तुम्ही देवाची सोंड फिरवलासा. मी खुळ्यागत हात जोडलो. जी माणसं देव फिरवत्यात त्यांच्याशी सोयरीक कशी करायची?" आई पोह्यांच्या बशा गोळा करू लागली. मामांनी चहाचा राहिलेला घोट संपवला, कारण घोट टाकून उठणं बरं नव्हे. नवरा मुलगा आल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता. चप्पल घालताना तो अण्णांना म्हणाला, "बल्ब किती पावरचा असतोय ओ?" आणि अण्णांनी त्याला सांगितलं, सविस्तर, तो कुठून मागवावा यासकट. नंतर आत्याकडून कळलं की त्यानं तसलं यंत्र खरंच मागवलं. म्हणजे त्या दुपारचा कुणाला तरी उपयोग झाला.

मुल्लाणी वहिनी वाकळींच्या घड्या घालत होत्या. जाताना दारात थांबून आईला म्हणाल्या, "वैनी, पोरीला बोलू नका. बोलायचंच असलं तर मला बोला, मी ऐकतो." आई कुणालाच बोलली नाही. त्या संध्याकाळी अक्का सगळ्यांसमोर पाटावर बसली आणि डाव्या हातानं जेवली. नंतर रोजच. भाकरी, धुणं, लिहिणं, सगळं त्या हातानं. आमच्या घरात एरवी भांडण झालं तर गल्लीला कळायचं, पण हे पहिल्यांदाच असं झालं की आवाज नव्हता. आई समोर बसून अक्कानं केलेलं खायची आणि खाली बघून उठायची. तिचा राग कुणावर होता ते तिलाही ठरवता येत नसावं. गारगोटीच्या बाईवर धरावा तर ती बरोबर बोलली होती. अक्कावर धरावा तर तीही. अण्णांवर धरायची सोय होती, पण त्यांनी यंत्र खोक्यात घालून, गवत कोंबून, स्वतःच स्वतःवर राग धरला होता. मला त्या दिवसांत आईची फार दया यायची. तिनं जे केलं होतं ते अक्काला कुणी पंगतीतून उठवू नये म्हणून केलं होतं, आणि शेवटी अक्का उठली ती तिच्याच शेजारून.

त्यानंतर गडमुडशिंगीचं स्थळ आलं. मुलगा, त्याचे वडील आणि एक काका. पाहुणे सतरंजीवर टेकतात न टेकतात तोच आई बाहेर आली. पदर खोचलेला, हात पिठाचे. अण्णा नमस्कार करायला उठत होते ते तसेच अर्धे उठलेले राहिले.

"पावणं, आधी ऐकून घ्या," आई म्हणाली. "पोरगी डावरी हाय. चालत असंल तर चहा टाकतो. नसंल तर पाणी प्या आणि सावकाश जावा, आमचा राग न्हाय."

मुलाचे वडील गांगरले. मुलगा बापाकडं बघायला लागला. काका जरा वेळानं म्हणाले, "डावरी ते कळलं. पर सैपाक येतोय न्हवं?"

"येतोय. मी इतकी वर्सं तिला उजव्या हातानं भाकरी करायला लावलो. कडंला कच्ची ऱ्हायाची. मला वाटायचं, पोरीलाच येत न्हाय." आईनं पिठाचे हात पदराला पुसले. "आता ती तिच्या हातानं करती. माझ्यापेक्षा चांगली करती. खोटं वाटत असंल तर खाऊन बघा."

ही माणसं पुढं आमची सोयरी झाली, पण त्या क्षणी ते कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मग चहा ऱ्हाऊ दे वैनी. जेवूनच जातो."

आईनं मागं वळून आत हाक मारली, "मालू, परात घे. मी न्हाय येत मदतीला, तुझी तू कर."